तिथी माहीत नसलेल्यांची अमावास्या

पितृपंधरवडा आला की पुण्यात फ्लॅटची बुकिंगं थंडावतात, नवी गाडी शोरूममध्येच थांबते आणि साखरपुडे "घटस्थापनेनंतर बघू" म्हणून पुढे जातात. ऑफिसातली रिलीजची तारीख तेवढी कुणी पुढे ढकलत नाही. (क्लायंटला पितर नसावेत!) गंमत सोडा, पण शहरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना या पंधरा दिवसांबद्दल एवढंच माहीत असतं, की काहीतरी अशुभ चालू आहे आणि नवीन काही करायचं नाही. हा मुळात एक सण आहे, त्यात भावकी जेवायला येते आणि जे दिसत नाहीत त्यांचंही पान वाढलं जातं, हे आपण जवळजवळ विसरलोय.

२०२५ साली सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला, म्हणजे रविवारी आली. रजा टाकायचा प्रश्नच नव्हता. आमच्या टीममधला एक मित्र मूळचा कोळवणचा. "पित्र जेवायला येतोस का?" असं त्याने विचारलं आणि मी ताबडतोब हो म्हटलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, खीर-वड्यांवर मात्र आहे.

कोळवण माहीत नसेल तर सांगतो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, आणि पौडाहून उजवीकडे आत वळलं की कोळवणचं खोरं लागतं. तोच रस्ता पुढे हाडशीवरून तिकोन्याच्या पायथ्याशी पवन मावळात उतरतो. ट्रेकला जाताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी इथे चहा मारला असेल. तालुका मुळशी. आपलं हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येतं, हे अनेकांना माहीत नसतं. म्हणजे आपण रोज ज्या तालुक्यात कोड लिहितो, त्याच तालुक्यात हे सगळं चालू असतं.

भाद्रपदाच्या शेवटी तिकडे भात निसवलेला असतो. पाऊस ओसरतीला, बांधावर गवत कमरेएवढं, आणि घरोघरी चुलीवर मोठी पातेली. मित्राच्या घरी सकाळी दहालाच वीसेक माणसं जमली होती. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, गवार, कारली, तांबडा भोपळा. आधी चुलीतल्या निखाऱ्यावर तूप सोडून सगळ्यातला थोडा थोडा घास टाकला. मग एक पान पत्र्यावर कावळ्याला, एक गाईला. मंत्र नाहीत, भटजी नाहीत. तात्यांनी, म्हणजे मित्राच्या चुलत्यांनी, हात जोडून गेलेल्यांची नावं घेतली. वडील, आजा, पणजा. तिथे थांबले आणि म्हणाले, "आन् आमाला ठावं नसलेलं समदं."

तिसरं पान घेऊन तात्या शेताकडे निघाले. आम्ही दोघं मागे. वरच्या खाचराच्या बांधावर एक गुडघ्याएवढा दगड, शेंदराचे थरावर थर बसलेला. पान त्याच्यापुढे ठेवलं, पाणी फिरवलं, नारळ फोडला आणि परत. हा कुणाचा दगड, असं विचारल्यावर तात्या म्हणाले, "आईला इचार." आजी ऐंशीच्या पुढच्या. त्या हसल्या.

"आरं बाळा, नाव कशाला पायजे? आपलाच हाये त्यो. लगीन व्हायच्या आदी गेला म्हन्त्यात. माज्या सासूनं दावला मला, तिला तिच्या सासूनं."

म्हणजे किमान सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी या घरातला कुणीतरी तरुण मुलगा अकाली गेला. नाव पुसलं गेलंय, तारीख पुसली गेलीय, कारणही पुसलं गेलंय. पण वर्षातून एकदा त्याचं जेवण पोचतंय. इथे माझ्या डोक्यात किडा शिरला. ज्याच्याबद्दल काहीही माहिती उरलेली नाही, त्याला इतकी वर्षं कोण आणि का जेवू घालतं? परत आल्यावर वाचत सुटलो. त्यातून हाताला जे लागलं ते हे.

आधी शास्त्रात काय आहे ते. श्राद्धाबद्दल सगळं एका ठिकाणी हवं असेल तर भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड (१९५३) बघा. माणूस मेला की तो लगेच पितर होत नाही. तो आधी 'प्रेत' असतो, अधांतरी. बाराव्या दिवशी सपिंडीकरण करतात. प्रेताच्या पिंडाचे तीन भाग करून ते बाप, आजा आणि पणजा यांच्या पिंडांत मिसळतात. मग नवा माणूस रांगेत पहिला होतो आणि सगळ्यात जुना रांगेतून बाहेर पडतो. त्याला स्वतंत्र पिंड मिळत नाही. पिंड देताना हाताला चिकटलेलं जे उरतं, तेवढ्यावर त्याच्या वरच्या पिढ्यांचा हक्क. आपल्या भाषेत सांगायचं तर तीन जागांची क्यू आहे. नवा आत आला की जुना बाहेर.

पंधरवड्यातल्या तिथ्यांची वाटणीही बघण्यासारखी आहे. ज्याची जी तिथी, त्या दिवशी त्याचं श्राद्ध. पण नवमी अविधवा नवमी, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. द्वादशी संन्याशांची. चतुर्दशी शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची, तिला घातचतुर्दशी म्हणतात. अमावास्या सगळ्यांची, आणि खास करून ज्यांची तिथीच माहीत नाही त्यांची. तर्पणातही ज्यांचं कुणीच उरलं नाही अशांसाठी पाणी सोडायची सोय आहे. कुणीतरी बसून सगळ्या एज केसेस काढल्यात आणि शेवटी एक डिफॉल्ट केस ठेवलीय... असं मला तरी वाटलं.

आता दुसरी बाजू, भुतांची. आपल्याकडची भुतांची यादी नीट वाचलीत तर ती मृत्यूच्या कारणांची यादी आहे. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, पिंपळावरचा. बाळंतपणात गेली ती हडळ. नवरा जिवंत असताना गेली आणि जिचा जीव घरात अडकला ती जखीण. इस्टेटीत जीव गुंतलेला किंवा मागे कुणी नसलेला तो समंध. विहिरी-डोहांत गेलेल्यांचा संबंध साती आसरांशी जोडतात. शंभर नातवंडं बघून म्हातारपणी झोपेत गेलेल्या माणसाचं भूत झालं, असं ऐकलंयत कधी? भूत होतं ते ज्याचं आयुष्य अर्धवट राहिलं त्याचंच. ज्या काळात बाळंतपणात बाया सर्रास मरायच्या, मुलं देवी-गोवराने जायची, त्या काळात प्रत्येक घरात असं एखादं अर्धवट आयुष्य असणारच. १८९६-९७ चा प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ पुणे जिल्ह्याने बघितली. अशा वेळी बाराव्याला पिंड द्यायला घरात कोण धड उरत असेल?

या याद्या लिहून कुणी ठेवल्या, त्याचीही एक गोष्ट आहे. ए. एम. टी. जॅक्सन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने गुजरात आणि कोकणातल्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. गावात भुतं कोणती, कुठे राहतात, काय खातात, कशाला घाबरतात. मास्तरांनी इमानेइतबारे उत्तरं लिहून धाडली. हा जॅक्सन म्हणजे नाशिकचा कलेक्टर, ज्याला अनंत कान्हेरेने २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी गोळ्या घातल्या, तोच. कान्हेऱ्याला १९ एप्रिल १९१० ला ठाण्यात फाशी झाली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. शाळेत आपण ही गोष्ट एका बाजूने वाचतो. जॅक्सनच्या टेबलावर कोकणातल्या भुतांचे कागद अर्धवट पडले होते, हे आपल्याला कुणी सांगत नाही. पुढे आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ते लावून १९१४ आणि १९१५ मध्ये दोन भागांत छापले. अकाली मेलेल्यांच्या नोंदी करणारा स्वतःच अकाली गेला आणि त्याचं काम दुसऱ्याने पूर्ण केलं.

भूत आणि पितर यांच्यामधली भिंत एकदम पातळ असते, हे त्या नोंदींत जागोजागी दिसतं. ज्याचं व्हायचं ते झालं नाही तो त्रास देतो. त्याला दगड बसवा, ठरलेल्या दिवशी जेवू घाला, तो शांत होतो. आणखी दोन-तीन पिढ्यांनी तो घराची राखण करायला लागतो. आणखी काही पिढ्यांनी नवसाला पावायला लागतो, म्हणजे देवच झाला! भुतांचा राजा वेताळ घ्या. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे आणि आपण तिथे सकाळी पळायला जातो. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला तो वेतोबा होतो, गावाचा राखणदार. रात्रभर गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. नाइट शिफ्ट करणारा देव.

अशा दगडांचा अभ्यास करणारा एक माणूस आपल्या पुण्यातलाच. दामोदर धर्मानंद कोसंबी. मूळचे गणिती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी, रोज डेक्कन क्वीनने मुंबईला अपडाउन. आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या टेकड्या, खिंडी आणि गावं पायी पालथी घालायचे. म्हसोबा, वेताळ, मावल्या, त्यांच्यापुढे कोण काय वाहतं, हे सगळं टिपून ठेवायचे. या ठाण्यांच्या आसपास त्यांना अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी पाती सापडली. आजच्या गावांपेक्षाही ही ठाणी जुनी असू शकतात आणि जुन्या पायवाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे ती असतात, असं त्यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या पुस्तकात मांडलं. वीकएंडचा उपयोग असाही करता येतो मंडळी.

युद्धात गेलेल्यांचं स्मारक म्हणजे वीरगळ. गावाच्या देवळाबाहेर आडवेतिडवे पडलेले कोरीव दगड तुम्ही पाहिले असतील. खालून वर वाचायचे. सगळ्यात खाली लढाई किंवा चोरांनी पळवलेली गुरं, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि डोक्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याचं नाव राहो, असा त्याचा अर्थ. बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने पुण्याला घर मानून आयुष्यभर हेच काम केलं. बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही लिहिलेलं नाही. त्या वीराचं नाव गेलं, चंद्र-सूर्य तेवढे राहिले.

काही घरांत टाक करतात. चांदीच्या छोट्या पत्र्यावर घोड्यावरचा वीर ठोकून काढायचा आणि देव्हाऱ्यात देवांच्या रांगेत ठेवायचा. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे टाक बाहेर पडतात. घरातला एखादा माणूस किंवा लहान पोरगा नटूनथटून, हातात टाक घेऊन, वाजतगाजत गोदावरीवर जातो आणि वीराला अंघोळ घालून आणतो. त्यांच्यातला मानाचा दाजीबा वीर, त्याला बाशिंगे वीरही म्हणतात, कारण तो हळद लागलेली असतानाच मारला गेला अशी कथा आहे. पुन्हा तेच. लग्न व्हायच्या आधी गेलेला. दाजीबा नाशिकचा, दगड कोळवणचा, पण दुःख एकाच जातीचं.

हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात भुकेल्या भुतांचा सण असतो, आणि भुकेली भुतं म्हणजे मुख्यतः ज्यांना जेवू घालणारं कुणी राहिलं नाही ती. सिंगापूरला त्या महिन्यात रस्त्यावर गाण्यांचे कार्यक्रम होतात आणि पहिली रांग रिकामी ठेवतात. ती त्यांच्यासाठी. ऑनसाइटला असताना चुकून पुढे जाऊन बसू नका! जपानमध्ये ओबोनला कंदील लावून पूर्वजांना घरी बोलावतात आणि पाण्यात दिवे सोडून परत पाठवतात. चीन, जपान, नाशिक, कोळवण... ज्यांचं कुणी नाही त्यांचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडलेला दिसतो.

आता कुणी म्हणेल, किती छान छान लिहितोयस, या भुतांपायी काय काय होतं ते सांग की. बरोबर आहे. बाईच्या अंगात हडळ आली म्हणून तिला मारहाण करणं, कुणाला तरी चेटकीण ठरवून वाळीत टाकणं, हे याच समजुतींचं दुसरं टोक. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं घासाघीस केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम आणि वर्षाअखेर कायदा आला. पण त्या बांधावर मला दिसलं त्यात कुणाच्या केसालाही धक्का लागत नव्हता. भीती तर नव्हतीच. तात्या दगडापुढे पान ठेवत होते ते डबा पोचवावा इतक्या सहजपणे. भीती जितकी जुनी होते तितकी ती मायेसारखी दिसायला लागते बहुधा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. जेवण झाल्यावर मित्राने खरी गोष्ट सांगितली. ते वरचं खाचर विकायचं ठरतंय. पुण्यातल्या कुणालातरी वीकएंड होम बांधायचंय. पैसे चांगले येतायत, मुलांची शिक्षणं आहेत, भातात आता फारसं काही राहत नाही. विकण्याबद्दल घरात वाद नाही. वाद आहे तो दगडाचा.

सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते. क्षेत्र, पीक, बोजा, इतर हक्क, सगळ्याला रकाना आहे. बांधावरच्या त्या पोराला रकाना नाही. जमीन विकली की कायद्याने तो दगड नव्या मालकाचा. तो म्हणाला काढा, तर काढायचा. तात्यांचं म्हणणं, दोन फूट जागा आणि वर्षातून एक दिवस आत येऊ द्या. धाकट्या चुलत्यांचं म्हणणं, दगड उचलून अंगणात आणू. आजींचं म्हणणं, "त्यो तितंच ऱ्हानार. तुमीच फिरताय हितंतितं."

या तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. शेजारच्या मुळेच्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी टाटांचं धरण झालं. वीज मुंबईला हवी होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. तीनेक वर्षांनी लढा संपला, बापट तुरुंगात गेले, धरण झालं. पन्नासच्या आसपास गावांवर पाणी आलं. भाताच्या खाचरांचा मोबदला ठरला, घरांचा ठरला. त्या खोऱ्यातही बांध होते, पिंपळ होते, म्हणजे बांधाबांधावरची माणसंही असणार. मोबदल्याचा हिशोब करताना त्यांना कुठल्या रकान्यात धरलं असेल?

माझ्या मते या सणाचं मर्म हेच आहे. इतिहास म्हणून आपण जे वाचतो त्यात सरदार असतात, किल्ले असतात, तह असतात. साध्या शेतकऱ्याच्या घरात लग्नाआधी मेलेला पोरगा कुठल्याही बखरीत नसतो. त्याची एकमेव नोंद म्हणजे एक दगड आणि वर्षातून एकदा वाढलेलं पान. ही नोंद कागदावर नाही, सासूने सुनेला बोट करून दाखवलेली आहे. शास्त्राची रांग तीन पिढ्यांनी माणसाला बाहेर काढते, पण गावाने त्या पोराला पाच-सहा पिढ्या धरून ठेवलंय. फक्त ही व्यवस्था जमिनीला बांधलेली आहे. जागा गेली की दाखवायला काही उरत नाही, आणि दाखवणारी सासूही आता पुण्यात फ्लॅटमध्ये असते.

हे लिहीपर्यंत व्यवहार झालेला नाही. खरेदीखतात दोन फुटांचा उल्लेख घालता येईल का, हे मित्र एका वकिलाला विचारतोय. वकील आधी हसला म्हणे, मग म्हणाला की त्याच्या गावीही असा एक आहे.

मी मात्र त्या रात्री बाबांना फोन करून आमच्या घरातली नावं विचारली. आजोबा, पणजोबा, त्यांचे वडील... बाबांनी तीन नावं सलग सांगितली. मग बायकांची विचारली. आजीचं सांगितलं. पणजीचं आठवेना. आत्याला फोन केला, तिलाही आठवेना. "आम्ही पणजीच म्हणायचो रे तिला." गावाकडच्या एका चुलतआजोबांना माहीत असेल असं आत्याला वाटतं. त्यांचं वय नव्वद आहे, आणि त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. येत्या शनिवारी जाऊन यावं म्हणतो.